काट्याचा अर्थ

डहाणूत टाकी काठोकाठ भरून घेतली, झाकण स्वतःच्या हाताने फिरवून बंद केलं, चावी फिरवली, आणि पेट्रोलचा काटा रिकाम्याच्या खुणेवर पडला होता तसाच पडून राहिला. काचेवर टिचकी मारून पाहिली. काटा हलला नाही. चारोटीच्या रस्त्याने आशागडला येईपर्यंत नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती. पाऊस नुकता उघडला होता, दोन्ही अंगांना भात पिवळं पडू लागलं होतं. डिकीकडून येणारा ताज्या पेट्रोलचा वास सांगत होता की टाकी भरलेली आहे, आणि समोरचं एवढंसं यंत्र ठामपणे सांगत होतं की टाकीत थेंबही नाही.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बाबांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. चिकूच्या वाडीतल्या शेडपाशी खुर्ची टाकून ते बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टाकी भरलीस हे नक्की ना?"

"हो बाबा, डोळ्यांदेखत."

"मग काटा खोटं बोलत नाहीये. तू त्याचं बोलणं शब्दशः घेते आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीकाका आले. त्यानंतरचे दोन-तीन तास मी शेडमध्ये उभी होते, आणि एखादी अवघड कविता कोणीतरी समोर बसवून उलगडून दाखवावी तसं ते सगळं पाहिलं. हा लेख त्या सकाळचं रसग्रहण आहे. ज्या रचनेचं रसग्रहण करायचं ती तशी फार लहान: एक काटा, एक तार, पेट्रोलवर तरंगणारा एक पोकळ गोळा. पण लहान रचनेतच प्रत्येक शब्दाला काम असतं, आणि एक शब्द निसटला तर सगळी रचना मुकी होते.

आधी ती रचना जिथे आहे त्या गाडीविषयी थोडं. बाबांची फियाट 1983 सालची, म्हणजे खरं तर प्रीमियर पद्मिनी. पण आमच्याकडे तिला कोणी कधी पद्मिनी म्हटलं नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन गाड्या बाहेर पडल्या, मग पन्नासच्या दशकात इटलीची फियाट 1100 आली, आणि तिचंच रूप पुढे पद्मिनी या नावाने घरोघर पोचलं. 1089 सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढच्या खिडकीला वाऱ्यासाठी तिकोनी काच. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की डोळ्यांपुढे येते ती हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर 2023च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली. आमची मात्र चालते आहे. तिच्यातला पेट्रोलचा मीटर मूळचा नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी पहिला गेल्यावर बाजारातून आणलेला दुसरा बसवला होता. तो कोणत्या बनावटीचा हे बाबांनाही आठवत नव्हतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार होती.

शाळेत रसग्रहण शिकवताना बाबा तीन शब्दशक्तींपासून सुरुवात करत. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ, रूढ अर्थ. तो सरळ अर्थ अडला की त्याच्या शेजारचा जो अर्थ घ्यावा लागतो, तो देणारी लक्षणा. 'घरावरून मिरवणूक गेली' असं म्हटल्यावर माणसं कौलांवर चढली असं कोणी समजत नाही. आणि जे बोललंच गेलेलं नाही तेही ज्यामुळे ऐकू येतं ती व्यंजना. 'दिवस मावळला' एवढेच दोन शब्द. पण ते ऐकून गुराख्याला रानातली गुरं आठवतात आणि घरात कुणाचा तरी हात दिव्याकडे जातो. डॅशबोर्डवरच्या काट्याला या तिन्ही शक्ती असतात, हे मला त्या सकाळी कळलं.

त्याची अभिधा सोपी आहे. टाकीत एक पोकळ गोळा पेट्रोलवर तरंगतो, हा फ्लोट. त्याला एक बारीक दांडी आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला धातूचं पातं. हे पातं बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतं. पेट्रोल उतरलं की गोळा खाली येतो, पातं सरकतं आणि करंटाला पार करावी लागणारी तार लांब किंवा आखूड होते. तार लांब झाली की विरोध वाढतो आणि करंट कमी होतो. मीटर हा करंट मोजतो आणि काट्याच्या भाषेत आपल्याला सांगतो. टाकीत पेट्रोल किती हे मीटर कधीच पाहत नाही. त्याच्यापर्यंत फक्त करंट पोचतो, आणि त्यावरून तो टाकीची कल्पना करतो.

करंटाची वाट मात्र सुंदर आहे. बॅटरीतून तो निघतो, चावीच्या स्विचमधून आणि फ्यूजमधून मीटरपाशी येतो, तिथून मागे जाणाऱ्या एकाच तारेने टाकीपर्यंत पोचतो, वेटोळं पार करतो. आणि परत? परतीची तार गाडीत नसतेच. फ्लोटच्या धातूच्या चकतीतून तो टाकीच्या पत्र्यात उतरतो, पत्र्यातून गाडीच्या बॉडीत, आणि बॉडीतून बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मिळतो. म्हणजे दरवाजे, मडगार्ड, ज्यावर आपण बसतो तो सांगाडा, हे सगळं मिळून परतीची तार होते. वारकऱ्याच्या हातातल्या एकतारीसारखी ही रचना आहे. तार एकच, पण सूर घुमतो तो सगळ्या अंगातून.

या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये 'अर्थ' म्हणतात. शब्द इंग्रजीतून आला, पण मराठीत येऊन तो नेमका अशा जागी बसला जिथे आधीपासून एक फार मोठा शब्द बसलेला होता. 'अर्थ लागत नाही' हे वाक्य वायरमनही म्हणतो आणि मराठीचे मास्तरही म्हणतात. वायरमनला सांगायचं असतं की करंट निघाला खरा, पण जमिनीला टेकला नाही. मास्तरांना सांगायचं असतं की शब्द निघाले खरे, पण वाचणाऱ्याच्या मनात उतरले नाहीत. दोघांची तक्रार मुळात एकच आहे: गोष्ट निघाली, पोचली, पण परत येऊन पुरी झाली नाही.

मिस्त्रीकाकांनी आल्या आल्या पाना हातात घेतला नाही. चावी फिरवून काट्याकडे पाहिलं, चावी बंद केली आणि मला विचारलं, "ताई, काटा एकदम पडला की उतरत उतरत गेला?"

आठवून पाहिलं. पावसाळा सुरू झाल्यापासून तो कमीच दाखवत होता. टाकी भरली तरी अर्ध्यावर राहायचा. मग पावावर. मग एक दिवस पडला.

"खड्ड्यात हलायचा?"

हलायचा. आमच्या रस्त्यावर एखादा मोठा खड्डा आला की काटा थरथरून वर जायचा आणि पुन्हा बसायचा.

"ऊन पडलं की बरा व्हायचा का?"

याचं उत्तर मला देता आलं नाही, ते खुर्चीतून बाबांनी दिलं. "व्हायचा. दोन दिवस ऊन पडलं की थोडा वर यायचा. मी पाहिलंय."

या तीन प्रश्नांत वाचनाची सगळी शिस्त होती. काका काट्याच्या आजच्या शब्दावर थांबले नाहीत. त्यांनी त्याचा संदर्भ विचारला, आधीच्या ओळी विचारल्या. टाकी भरलेली आहे हे ठाऊक असल्यामुळे 'रिकामी' या शब्दाचा सरळ अर्थ घेणं शक्यच नव्हतं. काव्यशास्त्रात याला मुख्यार्थाचा बाध म्हणतात, आणि तिथूनच लक्षणा सुरू होते. बिघाड शोधणं म्हणजे अर्थ अडल्यावर त्याच्या शेजारचा अर्थ धीराने शोधणं, हे मला काकांच्या प्रश्नांतून पहिल्यांदा कळलं.

मग त्यांनी शेजारचं वाक्य तपासलं. आमच्या गाडीत पेट्रोलचा आणि इंजिनच्या गरमीचा असे दोन्ही मीटर एकाच फ्यूजवर आहेत. इंजिन चालू करून पाच-सात मिनिटं थांबले; गरमीचा काटा नेहमीसारखा वर आला. दोन्ही काटे एकदम पडले असते तर दोष दोघांच्या सामाईक वाटेत, म्हणजे फ्यूजमध्ये किंवा त्याच्या मागे शोधावा लागला असता. एकच पडला म्हणजे दोष त्याच्या स्वतःच्या वाटेवर. तरीही त्यांनी फ्यूज बॉक्स उघडलाच. या गाडीतले फ्यूज जुन्या पद्धतीचे, गोळीच्या आकाराचे, अंगावर धातूची पट्टी उघडी असलेले. पितळेच्या दोन जिभांमध्ये ते नुसते दाबून बसतात. काकांनी प्रत्येक फ्यूज बोटांच्या चिमटीत धरून जागच्या जागी दोन-दोन वेढे फिरवला. टोकांवर साचलेला काळपट थर घासला गेला आणि आतला धातू चमकला. "तिथं काही नव्हतं," ते म्हणाले, "पण बघितलं नसतं तर मन तिथंच राहिलं असतं."

मग वाडीतली एक काटकी उचलून त्यांनी शेडमधल्या मातीवर आकृती काढली. चौकोन म्हणजे बॅटरी, वर्तुळ म्हणजे मीटर, नागमोडी रेघ म्हणजे टाकीतलं वेटोळं. शेवटी एका खाली एक, आखूड होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा. ती अर्थाची खूण. तो सबंध नकाशा हाताच्या पंजाएवढा होता आणि त्यात एकही रेघ जादा नव्हती. याच पट्ट्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं मी लहानपणापासून पाहत आले. 2011 साली पद्मश्री मिळालेला हा वारली चित्रकार 2018 साली गेला. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, आणि त्यांतून माणूस, डोंगर, तारपा, सगळं गाव. मातीवरच्या त्या आकृतीत मला तीच काटकसर दिसली. काढणाऱ्याला वस्तू पूर्ण कळलेली असते, म्हणून त्याला कमी रेघा पुरतात.

नकाशा झाल्यावर काका म्हणाले, "आता याची बोली कुठली ते बघायचं." हे वाक्य मला सगळ्यात आवडलं. पेट्रोलच्या मीटरांच्या दोन बोली असतात आणि दोघींत होकार-नकार एकमेकांच्या उलट. एका जातीत टाकी भरली की वेटोळ्याचा विरोध कमी होतो. अशा एका रूढ मापात रिकामी म्हणजे 240 ओहम आणि भरलेली म्हणजे 33. दुसऱ्या जातीत रिकामी म्हणजे शून्य आणि भरलेली म्हणजे 90. परिणाम असा की टाकीपाशी तार तुटली तर पहिल्या जातीचा काटा 'रिकामी' म्हणतो आणि दुसऱ्या जातीचा 'भरलेली'. बिघाड एकच, बोलणं उलट. पहिली बोली चुकली तरी सावधपणाच्या बाजूने चुकते. माणूस उगाच पंपावर जातो, एवढंच. दुसरी चुकली तर चारोटीच्या पुढे भर रात्री हायवेवर उभं करते. आमच्या मीटरची बनावट माहीत नव्हती, म्हणून काकांना आधी त्याची बोली ओळखायची होती. वाचकाने कवीची बोली ओळखल्याशिवाय त्याच्या 'हो'चा आणि 'नाही'चा अर्थ लावू नये, तसंच हे.

डिकी उघडली, टाकीवरच्या फ्लोटपाशी आलेली तार त्यांनी सोडवली. इथे त्यांचा हात संथ झाला. शेजारी पेट्रोल आहे, वाफ आहे; एक ठिणगी पुरते. त्यांनी चावी बंद असल्याची पुन्हा खात्री केली, डिकीचं झाकण पूर्ण उघडं ठेवलं, आणि त्या तारेला लांब जोडतार लावून तिचं दुसरं टोक टाकीपासून दूर, बॉडीच्या उघड्या पत्र्यावर घट्ट बसवलं. जोडणी पक्की झाल्यावरच मला म्हणाले, "ताई, आता चावी द्या आणि काट्याकडे बघत राहा." तार टाकीजवळ उघडी घासून ठिणगी पाहणारे कारागीरही मी पाहिले आहेत. काकांनी केलं ते मला जास्त सुंदर वाटलं, कारण त्यात सावधपणाचं दडपण कुठेच दिसत नव्हतं. ती त्यांच्या हाताची लयच होती.

चावी दिली. काही झालं नाही. मी तोंड उघडणार तोच काटा निघाला. घाई नाही, उडी नाही. आंधळ्या माणसाने हाताने भिंत चाचपत पुढे सरकावं तसा तो पावावरून अर्ध्यावर, अर्ध्यावरून पाऊणावर, आणि शेवटी भरलेल्याच्या खुणेवर येऊन टेकला. बाबा खुर्चीतून उठून खिडकीशी आले होते. "विलंबित आहे," ते म्हणाले.

त्या संथपणाला कारण आहे. या जातीच्या मीटरमध्ये दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती तार गुंडाळलेली असते. करंट आला की तार तापते, पट्टी तापते. दोन्ही धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत. एक जास्त वाढतो, एक कमी, आणि म्हणून पट्टी वाकते. ते वाकणं काट्याला ढकलतं. तापायला आणि निवायला वेळ लागतो, म्हणून काटाही वेळ घेतो. हा उशीर दोष नाही. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला धावतं, फ्लोट उसळतो, पण काटा त्या प्रत्येक उसळीमागे धावत नाही. तो सरासरी सांगतो. मात्र अशा मीटरला बॅटरीचा करंट सरळ देऊन चालत नाही. गाडी उभी असताना बॅटरी बाराच्या आसपास व्होल्ट देते, इंजिन फिरू लागलं की चौदाच्या जवळ जाते. तेवढ्या फरकाने काटा उगाच वर चढेल. म्हणून कित्येक गाड्यांत मधे एक छोटा स्थिरक बसवतात. तो करंट सतत जोडत-तोडत सरासरी दहा व्होल्टच पुढे पाठवतो. दुसरी जात चुंबकाची. तिथे दोन वेटोळी काट्याला दोन बाजूंनी ओढतात, रस्सीखेच चालते, आणि काटा लगेच हलतो. तिथे बॅटरी कमी-जास्त झाली तरी दोन्ही वेटोळ्यांचा जोर बरोबरीने बदलतो, म्हणून काटा फारसा ढळत नाही. एकाच अडचणीची ही दोन उत्तरं, आणि दोन्ही आपापल्या परीने देखणी.

काट्याने एवढं सांगितलं: मीटर शाबूत आहे, तार शाबूत आहे, आणि बोली पहिली आहे. म्हणजे दोष वाक्याच्या शेवटच्या भागात. फ्लोट तरी बिघडला असेल, नाहीतर त्याची परतीची वाट. माझी समजूत झाली की आता फ्लोट बदलायचा. बाजारात मिळतो, बसवला की झालं. काकांनी मान हलवली. तार पुन्हा फ्लोटला लावली. मग जोडतारेचं एक टोक फ्लोटच्या धातूच्या चकतीला आणि दुसरं बॉडीला. आता करंटाला वेटोळ्यातून जायचं होतंच, फक्त परत येण्यासाठी एक नवी वाट मिळाली होती. चावी दिली. काटा तसाच, भिंत चाचपत वर आला आणि भरलेल्याच्या खुणेच्या किंचित अलीकडे थांबला. आशागडला येईपर्यंत जेवढं पेट्रोल जळलं, नेमकं तेवढंच अलीकडे, असं मला वाटलं.

"अर्थ लागत नव्हता," काका म्हणाले.

बाबा काहीच बोलले नाहीत. मी मात्र त्यांच्याकडे पाहिलं, कारण चाळीस वर्षं वर्गात हेच वाक्य त्यांनी वेगवेगळ्या कवितांसमोर म्हटलेलं होतं.

फ्लोटची चकती टाकीवर ज्या स्क्रूंनी बसते त्यांतला एक काकांनी काढून माझ्या तळहातावर ठेवला. डोक्यापासून टोकापर्यंत तांबूस, जणू मातीचा केलेला. आमच्याकडे समुद्र फार लांब नाही. पावसाळ्यात चार महिने खारी ओल पत्र्याच्या प्रत्येक फटीत शिरते, रंगाखाली शिरते, स्क्रूच्या आट्यांत जाऊन बसते. गंज करंटाला धड जाऊ देत नाही, धड अडवतही नाही. म्हणून काटा एकदम न पडता उतरत गेला. गंज जितका वाढला तितका विरोध वाढला, आणि विरोध वाढला की या बोलीत त्याचा अर्थ 'पेट्रोल कमी' असा होतो. खड्ड्यात स्क्रू हलला की क्षणभर धातूला धातू भिडायचा आणि काटा वर थरथरायचा. ऊन पडलं की ओल थोडी सुकायची आणि तो थोडा सावरायचा. काकांच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एका स्क्रूत होती. काट्याने महिनोन् महिने सगळं नीट सांगितलं होतं. ते ऐकायला काका यावे लागले.

दुरुस्ती पाव तासात झाली. स्क्रू बदलले. चकतीखालचा आणि बॉडीवरचा पत्रा काकांनी पॉलिश पेपरने घासला; रंग गेला, मग तांबूस थर गेला, मग काळपट, आणि शेवटी स्वच्छ रुपेरी धातू आला. आमच्या वाडीत चिकू काढण्याआधी नखाने साल जरा खरवडतात. आत हिरवं दिसलं तर फळ अजून झाडावर ठेवायचं, पिवळट दिसलं तर काढायचं. काकांचा अंगठा पत्र्यावर तसाच फिरत होता, आत काय आहे ते दिसेपर्यंत. मग त्यांनी चकतीपासून बॉडीपर्यंत एक वेगळी जाड तार कायमची जोडली, टोकांना लग, म्हणजे धातूच्या कड्या, दाबून बसवले आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवला, म्हणजे पुढच्या पावसात ओल आत जाणार नाही. मीटर जुनाच, फ्लोट जुनाच, तार जुनीच. नवं आलं ते चार स्क्रू आणि हातभर वायर.

इथे रसग्रहण संपवता आलं असतं. पण तीन आठवड्यांनी टाकी बरीच उतरल्यावर एक बारीक गोष्ट उरलेली दिसली. पावाच्या खुणेपाशी आला की काटा किंचित चाचरायचा. थोडा खाली, थोडा वर, मग ठरायचा. त्याच्यावरच्या भागात हे कुठेच नव्हतं. काका पुन्हा आले, या वेळी फ्लोट बाहेर काढला. आधी कानाशी धरून हलवून पाहिला. आत पेट्रोल शिरलेलं असतं तर खळखळलं असतं, आणि गोळा जड होऊन बुडाला असता. तो कोरडा होता. मग त्यांनी वेटोळं उजेडात धरलं आणि मला बोलावलं.

केसासारख्या बारीक तारेचे शेकडो वेढे, एकाला एक लागून. जवळजवळ सगळीकडे ते मंद, एकसारख्या रंगाचे होते. एका टोकाकडे मात्र बोटाच्या पेराएवढ्या जागेत ते घासून चकचकीत झाले होते, आणि मधोमध पात्याने स्वतःसाठी एक अरुंद चाकोरी पाडली होती. "इथंच फिरलंय हे आयुष्यभर," काका म्हणाले. "वरच्या अंगाला गेलंच नाही फारसं. तुमची टाकी कधी भरायची नाही का गुरुजी?"

बाबा उठले आणि पुढच्या सीटसमोरच्या खणातून एक वही घेऊन आले. ती वही गाडीएवढीच जुनी आहे. पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर आणि लिटर लिहायची त्यांची सवय. मी पानं उलटली. दहा लिटर. दहा लिटर. पाच. दहा. महालक्ष्मीच्या जत्रेच्या सुमाराला, चैत्रात, एकदा पंधरा. पुन्हा दहा. पानांमागून पानं, निळ्या शाईतली तीच संख्या.

"तेव्हा दहाच परवडायचं," बाबा म्हणाले. "पगार झाला की दहा, आणि महिनाअखेरीला गाडी शेडमध्ये."

काव्यशास्त्राच्या पुस्तकात व्यंजना मी पुष्कळ वेळा वाचली होती. ती हाताने धरून पाहिली ती तेव्हा. तारेच्या त्या चकचकीत पट्ट्यात एका शिक्षकाच्या घराचा महिना लिहिलेला होता. आई कधी शहरात चल म्हणाली असेल आणि बाबांनी काट्याकडे पाहून पुढच्या आठवड्यावर ढकललं असेल. मला परीक्षेच्या केंद्रावर सोडायला ते गाडी काढत, तेव्हा वाटेत इतके गप्प का असत, हेही मला आत्ता उमगलं. यातलं एक अक्षरही काट्याला सांगायचं नव्हतं. त्याचं काम पेट्रोल सांगण्याचं. पण जी वस्तू प्रामाणिकपणे रोज एकच काम करते तिच्या अंगावर ते काम करवून घेणाऱ्याचं आयुष्य उमटतंच. वही आणि वेटोळं या दोन्ही संहिता एकमेकींना ताडून पाहिल्या, आणि शब्दाला शब्द जुळला.

नवी गाडी असती तर पडद्यावर एक आकडा आला असता आणि बिघडलाच तर सबंध भाग बदलून मिळाला असता. त्यात सोय आहे आणि त्या सोयीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण जुन्या यंत्रात वाट उघडी असते. शब्द कुठून निघतो, कुठून जातो, कुठे टेकतो, हे बोटाने दाखवता येतं. म्हणून ते वाचता येतं, आणि वाचता येतं म्हणून त्याच्यावर जीव जडतो. मिस्त्रीकाकांना शब्दशक्तींची नावं माहीत नाहीत. तरी त्यांनी सरळ अर्थावर विश्वास टाकला नाही, संदर्भ विचारला, बोली ओळखली, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली आणि दोष सापडल्यावर जेवढं बिघडलं होतं तेवढ्यालाच हात लावला. चांगला वाचक याहून वेगळं काय करतो, मला सांगता येणार नाही.

वेटोळं बदलायचं का, असं काकांनी विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणाले. पावापाशी चाचरतो तेवढा चाचरू दे. काकांनी फ्लोट परत बसवला, लग आवळले, जेलीचा हात फिरवला. मग मी डहाणूला जाऊन टाकी पूर्ण भरून आणली आणि परत आल्यावर बाबांनी वही मागून घेतली. चष्मा लावला, तारीख घातली, किलोमीटर विचारून लिहिले. लिटरच्या रकान्यात या वेळचा आकडा लिहायला त्यांना जरा वेळ लागला. त्या वहीत एवढी मोठी संख्या त्यांच्या हातून आधी कधी लिहिली गेली नव्हती.